मदत हवी आहे: पार्किन्सनचं औषध ‘उंदरांवर यशस्वी’, यावर किती भिस्त ठेवावी?

नमस्कार मंडळी,

बाबांना पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली. सही इतकी बारीक झालीय की शेवटची अक्षरं लागतच नाहीत. परवा त्यांनी गोळ्यांच्या डबीतून घडी घातलेलं एक कात्रण काढून माझ्या हातात ठेवलं. नव्या औषधाने उंदरांच्या मेंदूतल्या पेशी वाचल्या, अशी बातमी. “हे आपल्यापर्यंत येईल ना?” एवढंच विचारलं. मला काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून वाचतेय. उंदरांना हा आजार आपसूक होत नाही, तो घडवावा लागतो. एमपीटीपी नावाचं विष टोचलं की डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी काही दिवसांतच मरतात. रॅटमध्ये (मोठ्या जातीच्या उंदरात) मेंदूच्या एकाच बाजूला दुसरं एक विष टोचतात, मग ॲपोमॉर्फिन हे डोपामिनसारखं काम करणारं औषध दिल्यावर तो गोल गोल फिरतो आणि त्या फेऱ्या मोजतात.

माझं घोडं इथेच अडलंय. बऱ्याच प्रयोगांत औषध विषाच्या आधी किंवा सोबतच देतात. बाबांचा हात थरथरायला लागला तोवर त्यांच्या कितीतरी पेशी गेलेल्या होत्या. मग असं ‘वाचवणं’ त्यांच्या काय कामाचं?

प्राण्यांवरचे प्रयोग फोल आहेत, असं मी अजिबात म्हणत नाही. १९५७ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनने (हे औषध मेंदूतलं डोपामिन संपवतं) निपचित पडलेल्या सशांना डोपा (ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं) दिलं आणि ते हालचाल करू लागले. बाबांची रोजची गोळी त्याच वाटेने आली. मेंदूत तार बसवायच्या शस्त्रक्रियेमागेही एमपीटीपी दिलेल्या माकडांवरचं काम आहे. पण जीडीएनएफ या पेशींना जगवणाऱ्या प्रथिनाने माकडं सुधारली, माणसांवरच्या चाचण्यांत मात्र ते कमी पडलं. मला तरी असं दिसतं की लक्षणं कमी करणारी औषधं प्राण्यांतून माणसापर्यंत पोचतात, आजार थोपवणारी वाटेतच अडकतात. हे बरोबर आहे का?

इथे कुणी न्यूरॉलॉजीतले किंवा प्रयोगशाळेत काम करणारे असतील तर कृपया सांगा. अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या (पार्किन्सनमध्ये ते मेंदूच्या पेशींत साठतं) गुठळ्या टोचून आजार महिनोन्‌महिने हळूहळू पसरवतात, त्या उंदरांवरचे निष्कर्ष जास्त भरवशाचे धरावेत का? अशी बातमी हाती आली की तुम्ही सगळ्यात आधी काय तपासता?

कात्रण अजून माझ्याकडेच आहे. बाबांना खोटी आशा लावायची नाही आणि त्यांची आहे ती उमेदही मोडायची नाही. ते परत देताना त्यांना काय सांगू?