‘ऊब’ की ‘विरंगुळा’? काश्मीरच्या चिल्लईसाठी मराठी शब्द

प्रश्न

काश्मीर खोऱ्यातील खेड्यांच्या हिवाळ्यावर मी मराठीत एक लेख लिहीत आहे. बर्फाने वाटा बुजल्या आणि शेतीची कामे थांबली की तिथली माणसे घरात एकत्र बसून मन प्रसन्न ठेवण्याच्या ज्या युक्त्या करतात, त्यांना मराठीत काय म्हणावे? ‘आनंद’ फार मोघम वाटतो, ‘उल्हास’ला सणासुदीचा वास येतो, आणि ‘ऊब’ लिहिले की माझी हिंदीभाषक मैत्रीण हसते, कारण तिच्या भाषेत ऊब म्हणजे कंटाळा. शिवाय तिथल्या कडाक्याच्या थंडीच्या काळाला ‘चिल्लई कलान’ म्हणतात, त्या नावाचे भाषांतर करावे की ते तसेच ठेवावे?

प्रतिसाद

नावाचे भाषांतर करू नये, कारण त्याच्या कुटुंबातील एक शब्द आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंतचे सुमारे ४० दिवस चिल्लई कलान, पुढचे २० दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे १० दिवस चिल्लई बच्चा, अशी तिथल्या कडक थंडीची उतरती वाटणी आहे. कलान म्हणजे फारसीत थोरला आणि खुर्द म्हणजे धाकटा. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द या पाट्या वाचत वाढलेल्या मराठी माणसाला ‘चिल्लई खुर्द’ समजावून सांगण्याची गरजच नाही. (आपले ‘बुद्रुक’ हे ‘बुजुर्ग’चे मराठी जिभेवर घडलेले रूप आहे.) गावांना लावायची थोरली-धाकटी ही विशेषणे थंडीला लावून वर तिला एक बच्चाही जोडून देणे, ही मला आपण म्हणता त्या युक्त्यांपैकी पहिली युक्ती वाटते.

‘चिल्लई’मागचा ‘चिल्ला’ हा शब्द मात्र थोडा उलगडून सांगावा. त्याच्या मुळाशी फारसीतील ४० हा आकडा आहे आणि सूफी परंपरेत ४० दिवसांच्या एकांतसाधनेलाही चिल्ला म्हणतात. त्यामुळे या नावात गारठ्याइतकेच दार लावून आत बसणेही ऐकू येते.

दुसरा प्रतिसाद

‘ऊब’ सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपण उन्हाची ऊब म्हणतो ती पौष-माघातल्या कोवळ्या उन्हाची. वैशाखातल्या त्याच उन्हाला आपण उकाडा किंवा उष्मा म्हणतो. गोधडीची ऊब, कुशीतली ऊब, चुलीपुढची ऊब, या प्रत्येक प्रयोगात बाहेरची थंडी गृहीत धरलेली असते. फेरनच्या, म्हणजे तिथल्या सैल लांब अंगरख्याच्या आत, पोटाशी धरलेल्या कांगडीला, म्हणजे बारीक काड्यांच्या विणीत बसवलेल्या निखाऱ्यांच्या मातीच्या भांड्याला, हा शब्द नेमका लागू पडतो. कांगडीला ‘शेगडी’ मात्र म्हणू नका. शेगडी एका जागी राहते आणि माणसे तिच्याभोवती जमतात, तर कांगडी माणसाबरोबर घरभर आणि गावभर फिरते.

आपल्या मैत्रिणीच्या हसण्यातही तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. कंटाळण्याला आपल्याकडे ‘उबगणे’ आहेच, आणि कपडे दमट जागी फार दिवस कोंडून राहिले की त्यांना उबट वास येतो. दोन महिने एकाच खोलीत बसलेल्या कुटुंबाला ऊब आणि उबग हे दोन्ही शब्द लागणार. व्युत्पत्ती काहीही असो, कानाला ते शेजारी वाटतात आणि आपल्या लेखाला ते शेजारपण उपयोगी पडेल.

उबगावरच्या उताऱ्याला मराठीत ‘विरंगुळा’ म्हणतात. आनंद कधीही होतो, विरंगुळ्याला मात्र आधी रिकामा किंवा जड वेळ असावा लागतो. उदाहरण म्हणून ‘नवशीन’ घ्या. शीन म्हणजे भुरभुरणारे बर्फ. पहिले बर्फ पडले की त्याचा गोळा कशात तरी गुंडाळून, भेट असल्याचे भासवून, नातलगाच्या किंवा शेजाऱ्याच्या हाती द्यायचा. त्याने तो बेसावधपणे घेतला तर त्याच्यावर मेजवानी लागू होते आणि त्याने डाव ओळखला तर उलट आणणाऱ्याचीच फजिती होते. याला ‘खेळ’ म्हटले तर तो पोरांपुरता वाटतो आणि ‘सण’ म्हटले तर फार गंभीर होतो.

शरद ऋतूत दुधी, वांगी आणि टोमॅटो वाळवून ठेवण्याच्या पद्धतीला मात्र नवा शब्द शोधू नका. आपले वाळवण तेच आहे. फक्त कोकणात आगोटीपूर्वी पावसाळ्यासाठी जी बेगमी करतात, ती काश्मिरात बर्फासाठी होते. ‘साठवण’पेक्षा ‘बेगमी’ बरा, कारण त्यात पुढच्या अडचणीची जाणीव आहे.

शक्य झाल्यास ‘वंदे च़लि, शीन गलि, बेयि यियि बहार’ ही काश्मिरी म्हण मुळातच द्यावी. वंद म्हणजे हिवाळा, आणि काश्मिरी ऋतुचक्रात त्याची जागा आपल्या हेमंताची आहे. हिवाळा सरेल, बर्फ वितळेल, पुन्हा बहार येईल, एवढाच तिचा अर्थ असला तरी ‘गलि’मध्ये आपले ‘गळणे’ आणि ‘बहार’मध्ये आपला आंब्याचा बहार ऐकू येतो.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही आभार. चिल्लईची तिन्ही नावे तशीच ठेवते. कांगडीजवळ ‘ऊब’, नवशीनपाशी ‘विरंगुळा’ आणि फेब्रुवारीच्या परिच्छेदात, चिल्लई खुर्द संपता संपत नाही तिथे, ‘उबग’ असे ठरवले आहे. लेखाचे हिंदी रूपांतर मैत्रीणच करणार असल्याने त्या पहिल्या शब्दाचे काय करायचे, ते तिच्यावर सोपवते.