“घटना पक्की होती, पहिला राष्ट्राध्यक्ष कोणीही चालला असता”?

तळटीप: काल इथे एकाने ठासून लिहिलं, की अमेरिकेची घटना इतकी पक्की होती की वॉशिंग्टनच्या जागी कोणीही बसला असता तरी सरकार तसंच उभं राहिलं असतं, तो नोटेवरचा चेहरा आहे एवढंच. हे वाचून राहवलं नाही. घटनेचं दुसरं कलम एकदा उघडून बघा. मंत्रिमंडळ हा शब्द तिथे नाही. महाभियोग सोडला, तर मंत्र्याला काढायचं कोणी, याबद्दल अवाक्षर नाही.

ऑगस्ट 1789 मध्ये वॉशिंग्टन स्वतः सिनेटमध्ये गेला, क्रीक या मूळनिवासी लोकांशी करायच्या तहावर सल्ला मागायला. उपराष्ट्राध्यक्ष अॅडम्स कागद वाचतोय, बाहेर रस्त्यावर घोडागाड्यांचा खडखडाट, कोणाला धड ऐकू येईना. सिनेटर म्हणाले, समितीकडे पाठवू. हा भडकला. दोन दिवसांनी परत आला, काम उरकलं, आणि पुन्हा कधी सल्ला मागायला त्या दालनात गेला नाही. तेव्हापासून तह आधी राष्ट्राध्यक्ष करतो आणि सिनेट मागाहून मंजुरी देतं. हे घटनेने ठरवलं का?

हिशेबनीस: सरकार चालतं पैशावर. 1790 मध्ये राज्यांची कर्जं केंद्राने अंगावर घेतली, 1791 मध्ये केंद्राची बँक आली. डोकं पहिला अर्थमंत्री हॅमिल्टनचं. वॉशिंग्टनने फक्त सही केली.

तळटीप: “फक्त सही”? बँकेच्या विधेयकावर त्याने महान्यायवादी रँडॉल्फ, परराष्ट्रमंत्री जेफरसन आणि हॅमिल्टन यांच्याकडून लेखी मतं मागवली. पहिले दोघे त्याच्याच व्हर्जिनियाचे, आणि दोघांनीही हे घटनाबाह्य आहे असं लिहून दिलं. तरी त्याने 25 फेब्रुवारी 1791 ला सही केली. आपल्या माणसांच्या विरोधात निर्णय घेणं सोपं असतं का?

पिट्सबर्गकर: बँकेचं राहू द्या, व्हिस्कीच्या कराबद्दल बोला. त्यावरून जिथे बंड झालं, त्या पश्चिम पेनसिल्व्हेनियात मी राहतो. इथल्या शेतकऱ्याला धान्य डोंगरापलीकडे नेणं परवडत नव्हतं, म्हणून तो त्याची दारू गाळायचा. रोकड नसायची, व्यवहारही दारूवरच चालायचे. त्याच्याकडे रोख कर मागितला, आणि मोठ्या भट्टीवाल्यांना तो गॅलनमागे स्वस्त पडेल अशी सोय ठेवली. लोक चिडले आणि 1794 मध्ये कर-अधिकारी नेव्हिलचा वाडा जाळला. त्या घराण्याचं दुसरं घर आज संग्रहालय आहे, आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते दाखवतो. या गरिबांवर तुमच्या थोर नेत्याने जवळपास 13 हजारांची फौज आणली!

हिशेबनीस: कर चुकवायचा, घरं जाळायची आणि वर गरीब म्हणवून घ्यायचं? मी आयुष्यभर वेळेवर कर भरलाय. न भरणाऱ्यांचं कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पिट्सबर्गकर: तुमच्या कर भरण्याचा इथे काय संबंध? त्यांच्यावरचे खटले तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियाच्या कोर्टात होते. घोड्यावरून डोंगर ओलांडून जाऊन दाखवा, मग बोला.

तळटीप: दोघेही जरा दमाने घ्या. 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी उठले तेव्हा केंद्राकडे धड सैन्यच नव्हतं. 1794 ला होतं. पण वॉशिंग्टनने आधी बोलणी करायला माणसं पाठवली, आणि राजद्रोहासाठी फाशी सुनावलेल्या दोघांना नंतर माफी दिली. ताकद दाखवून सूड न घेणं, हा पायंडा त्यानेच घातला.

ओवी: माफीचं एवढं कौतुक चाललंय, मग ओना जज कोण ते सांगा. फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्षांच्या घरची गुलाम मुलगी. पेनसिल्व्हेनियात सलग सहा महिने राहिलेला गुलाम मुक्त होऊ शकत होता, म्हणून हे लोक आपल्या गुलामांना मुदतीआधी राज्याबाहेर फिरवून आणत. ती 1796 मध्ये पळून न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला गेली. तिला परत आणायला वॉशिंग्टनने अर्थमंत्र्यामार्फत पोर्ट्समथच्या कस्टम अधिकाऱ्याला कामाला लावलं. नवं सरकारी खातं, आणि काम घरच्या गुलामाचा शोध! त्या अधिकाऱ्याने तिला जबरदस्तीने जहाजावर चढवायला नकार दिला, ते त्याचं मोठेपण. पळालेला गुलाम मालकाला परत मिळवून देणाऱ्या 1793 च्या कायद्यावर सहीसुद्धा वॉशिंग्टनचीच.

तळटीप: यावर माझ्याकडे बचाव नाही. पण पहिल्या माणसाच्या वागण्याचा सरकारवर ठसा उमटतो, हेच यातूनही दिसतं.

ओवी: उमटतो, मान्य. मग डागही त्याच हिशेबात धरा.

पिट्सबर्गकर: माफीचं मी मान्य करतो, कराचं नाही. 1802 मध्ये जेफरसनच्या काळात तो कर रद्द झाला. सरकार कोसळलं का?

हिशेबनीस: नाही कोसळलं, कारण तोवर आयातशुल्कातून तिजोरीत पैसा येत होता. ती घडीही हॅमिल्टनचीच.

तळटीप: आणि निवडणूक हरलेला दुसरा राष्ट्राध्यक्ष अॅडम्स 1801 मध्ये निमूट घरी गेला म्हणूनही. सत्ता विरोधकांच्या हाती द्यायची ती पहिलीच वेळ होती.

ओवी: अॅडम्सचं नाव काढलंत, तर सरकारवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात टाकणाऱ्या त्याच्या 1798 च्या कायद्यावरही बोलूया. तुम्ही धागा काढा, मी येते.