काउंटरच्या पीसीवर ऑटोमाउंट बंदच हवं. पटत नसेल तर बोला

फ्लेक्सवाला_सांगली (धागाकर्ता)

विश्रामबागेत आमचं झेरॉक्स, डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान आहे. दोन्ही पीसीवर उबंटू लिनक्स. सबमिशनच्या दिवसांत इंजिनिअरिंगची पोरं, गणपतीच्या आधी मंडळांचे अहवालवाले, लग्नपत्रिका तर बारमाही. कुणाचा ना कुणाचा पेन ड्राइव्ह मशीनला लागलेला असतोच.

मी दोन्हीकडे ऑटोमाउंट, म्हणजे ड्राइव्ह लावताच त्यावरच्या फाइली फोल्डरसारख्या वापरता येतील असं आपोआप होणं, बंद केलंय. ड्राइव्ह लावला की पोरगा टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, एलएसबीएलके (डिस्कची यादी) मारून नाव बघतो, रीड-ओन्ली, म्हणजे नुसतं वाचण्यापुरतं, माउंट करतो, फाइल आपल्या डिस्कवर घेतो, यूमाउंट करतो (माउंट सोडवतो) आणि मग ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या हातात. थोडा वेळ जास्त जातो. जाऊ दे.

कारण असं की, खिडकी आपोआप उघडली की माणूस पेन ड्राइव्हवरचीच फाइल उघडतो, त्यातच दुरुस्ती करतो, आणि प्रिंट हातात पडली की गिऱ्हाईक ड्राइव्ह खेचून मोकळं. लिनक्स लिहायचं काम लगोलग करत नाही. डेटा आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये थांबतो. नेहमीच्या सेटिंगला ३० सेकंद जुना झाला की कर्नल (लिनक्सचा गाभा) तो डिस्कवर ढकलायला घेतो. पडद्यावर कॉपी पूर्ण झालेली दिसते तेव्हा बरीचशी फाइल रॅममध्येच असू शकते. त्यात पेन ड्राइव्ह म्हणजे फॅट३२ नाहीतर एक्सफॅट ही फाइल सिस्टिम (फाइली ठेवायची मांडणी), दोन्हींना जर्नल, म्हणजे अर्धवट बदल सावरायची नोंदवही, नाही. मधेच ओढला की फाइल शून्य बाइटची, कधी फोल्डरच गायब. मग भांडण कुणाशी? दुकानाशी.

जिथे परक्यांचे ड्राइव्ह येतात तिथे माउंट माणसानेच करावं, मशीनने नाही.

लॅबमधला

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुमचं दुखणं यूमाउंट न करण्याचं आहे आणि बंदी घातलीत माउंटवर.

ऑटोमाउंट तरी करतं काय? फाइल मॅनेजरच्या मागे यूडिस्क्स हा ड्राइव्ह सांभाळणारा प्रोग्रॅम असतो आणि तो नोसुइड, नोडेव्ह हे पर्याय (ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमला वाढीव अधिकार नाहीत, डिव्हाइस फाइली चालत नाहीत) लावूनच माउंट करतो. तुमचा पोरगा नुसतं सुडो (ॲडमिनचे अधिकार घेऊन) माउंट मारतो तेव्हा ते कोण लावतं? कुणीच नाही. म्हणजे परक्या ड्राइव्हच्या बाबतीत आपोआप होणारं काम तुमच्या हातच्या कामापेक्षा जास्त सुरक्षित आहे. वर, काउंटरवरच्या पोराच्या हातात सुडो! एसडीबीच्या (पेन ड्राइव्ह) जागी एसडीए (मशीनची डिस्क) टाइप झालं, आणि कमांड माउंटची नसून दुसरीच काही असली, तर काय होईल ते बघा एकदा.

निवांत_मिरज

अहो, हे सगळं कशाला? विंडोजवर २०१८ च्या १८०९ अपडेटपासून यूएसबी ड्राइव्हला क्विक रिमूव्हल हीच ठरलेली पद्धत आहे. लिहिणं संपलं की ओढला ड्राइव्ह, संपला विषय. लिनक्सवालेच अजून माउंट-यूमाउंटच्या सोवळ्यात अडकलेत. गिऱ्हाईक उभं, मागं लाइन लागलेली, आणि पोरगं काळ्या खिडकीत टाइप करत बसलंय. आमच्याकडं असं केलं तर लोक पलीकडच्या दुकानात जातील राव.

कृष्णाकाठ

@निवांत_मिरज क्विक रिमूव्हल म्हणजे त्या ड्राइव्हपुरतं विंडोजने राइट कॅशिंग बंद ठेवलेलं असतं. कॉपी चालू असताना ओढला तर विंडोजवरही फाइल जातेच. आणि त्याची किंमत वेगात मोजावी लागते. लिनक्सवर तसंच हवं असेल तर माउंट करताना सिंक (लगोलग लिहिण्याचा) पर्याय देता येतो. पण माउंटच्या मॅन पेजमध्येच (माहितीपानातच) लिहिलंय की ज्या माध्यमावर लिहिण्याच्या फेऱ्या मोजक्या असतात, त्यात पेन ड्राइव्ह आलाच, त्याचं आयुष्य सिंकमुळे घटू शकतं. फॅटसाठी फ्लश नावाचा मधला पर्याय आहे, तो जरा लवकर डेटा उतरवतो. तरीही यूमाउंट चुकत नाही.

आता धागाकर्त्यांसाठी. रीड-ओन्ली म्हटलं की ड्राइव्हवर एकही बाइट लिहिला जाणार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. फॅटला ते चालून जाईल. पण कुणी ईएक्सटी४ ची (जर्नल असलेल्या लिनक्सच्या फाइल सिस्टिमची) हार्ड डिस्क आणली आणि ती आधी नीट काढलेली नसेल, तर रीड-ओन्ली माउंट करतानाही कर्नल जर्नल परत चालवतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. ते नको असेल तर सोबत नोलोड हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर आधी ब्लॉकडेव्ह कमांडने डिव्हाइसच रीड-ओन्ली करायचं.

फ्लेक्सवाला_सांगली

@कृष्णाकाठ हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे ईएक्सटी४ घेऊन कोण येणार म्हणा. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइल सिस्टिम, मात्र भरपूर. फोटोग्राफर लोक लग्नाच्या अल्बमसाठी दोन-दोन टीबीच्या डिस्क आणतात, त्या विंडोजमधून तशाच ओढून काढलेल्या. उबंटूचं फाइल मॅनेजर ती उघडायला जातं आणि एरर देऊन बसतं. रीड-ओन्ली केली की गुमान उघडते. म्हणून तर म्हणतो, माउंट कसं करायचं ते आपल्या हातात पाहिजे.

कृष्णाकाठ

ते बरोबर आहे. एनटीएफएस३ हा ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१५ कर्नलपासून आत आला. व्हॉल्यूमवर डर्टी (नीट न काढल्याची) खूण असेल तर फोर्स दिल्याशिवाय तो लिहिण्यासाठी माउंट करत नाही. रीड-ओन्लीला नाही म्हणत नाही. आणि तिथे फोर्स देऊ नका. दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो आहेत ते. विंडोजवर लावून एकदा चेकडिस्क फिरवून आणा म्हणावं.

लॅबमधला

पण हे अपवाद झाले. अपवादाला हाताने माउंट करा ना, कोण नको म्हणतंय? अपवादासाठी रोजचं काम का अडवायचं?

माझा खरा मुद्दा यूमाउंटचा, त्यावर कुणी बोलत नाही. लॅबमध्ये आमच्या पोरांना टर्मिनल शिकवलं की पहिल्या आठ दिवसांतली तक्रार ठरलेली: टार्गेट इज बिझी, म्हणजे ड्राइव्ह वापरात आहे. पोरगं सीडी कमांडने ड्राइव्हच्याच फोल्डरमध्ये उभं आणि तिथूनच यूमाउंट मारतंय. शेलचं (टर्मिनलचं) वर्किंग फोल्डर तिथे आहे म्हटल्यावर कर्नल सोडणार कसा? मग कुठल्यातरी व्हिडिओत बघून यूमाउंट -एल मारतात. हा लेझी यूमाउंट फक्त फोल्डरांच्या झाडातून नाव काढतो. ज्या प्रोग्रॅमने फाइल उघडून ठेवलीय तो लिहीतच राहतो आणि फाइल सिस्टिम मागे जिवंत असते. एलएसबीएलकेमध्ये माउंटपॉइंट दिसत नाही म्हणून पोरगं ड्राइव्ह ओढतं. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती आहे तेच, फक्त टर्मिनलमधून.

त्यापेक्षा पडद्यावरचं इजेक्टचं बटण बरं. ते सरळ सांगतं, ड्राइव्ह वापरात आहे.

हळदपेठ

फ्यूजर -केएम राहिलं की! ड्राइव्ह वापरणारे सगळे प्रोग्रॅम मारून टाकतं. मी तेच वापरतो, एका दमात काम.

लॅबमधला

@हळदपेठ ते लिहून लोकांना सवय लावू नका. दिलेला फोल्डर माउंट झालेलाच नसेल तर फ्यूजर तो फोल्डर ज्या फाइल सिस्टिमवर आहे ती धरतो, म्हणजे बहुतेकदा रूट (मशीनची मुख्य फाइल सिस्टिम). मग मशीनवरचं जवळजवळ सगळंच मरतं. मोठ्या एमचा वेगळा पर्याय त्याचसाठी ठेवलाय, माउंटपॉइंट असेल तरच पुढे जातो. आणि मारायची घाई कशाला? आधी फ्यूजर -व्हीएम नाहीतर एलएसओएफने बघा कोण बसलंय. दहातल्या नऊ वेळा लिब्रेऑफिस उघडं असतं.

सातारी_कंदी

सायबर कॅफे होता तेव्हापासून काउंटर बघितलाय, म्हणून बोलतो. दोघंही सुडो गृहीत धरून भांडताय. यूडिस्क्सचीच कमांड, यूडिस्क्ससीटीएल, आहे की. माउंट -बी, पुढे डिव्हाइस, -ओ आरओ (रीड-ओन्ली). सुडो लागत नाही, नोसुइड-नोडेव्ह आपोआप लागतं, आणि फॅट ड्राइव्हवरच्या फाइली रूट म्हणजे ॲडमिनच्या नावावर न दिसता त्या पोराच्याच नावावर दिसतात. अनमाउंट झालं की त्यातलंच पॉवर-ऑफ मारा, ड्राइव्हचा दिवा विझतो. गिऱ्हाइकालाही कळतं की आता काढायचा.

निवांत_मिरज

दिवा विझायची वाट बघायला लावायची गिऱ्हाइकाला. बरं आहे.

फ्लेक्सवाला_सांगली

@निवांत_मिरज वाट बघतात. सबमिशन उद्या असलं की काहीही करतात.

@लॅबमधला लेझीबद्दल मान्य, आमच्याकडे तो वापरायचाच नाही असं सांगून ठेवलंय. पण तुमचं बटणवालं म्हणणं नाही पटत. बटण कुणी दाबतच नाही, हाच तर रोजचा अनुभव. ड्राइव्ह रीड-ओन्ली असला तर बटण न दाबताही फॅटवरचं काही बिघडत नाही. माझी सगळी मदार त्यावर आहे. पोरांच्या शिस्तीवर नाही.

आणि काउंटरचं सोडा, बॅकअप डिस्कचं बोला. तीही मी एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) नोऑटो, म्हणजे आपोआप माउंट न होणारी, ठेवलीय. रात्री माउंट, आरसिंक (फाइलींची नक्कल), यूमाउंट. दिवसभर जोडलेली पण माउंट न केलेली. कुणी चुकून डिलीट मारलं तरी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

लॅबमधला

बॅकअपला हे उत्तमच, तिथे वादच नाही. फक्त आरसिंकच्या आधी माउंटपॉइंट -क्यूने डिस्क माउंट झालीय का ते तपासता का? डिस्कची केबल सैल असली, माउंट फसलं, तर आरसिंक त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या रूटवरच सगळं ओतत बसतो. सकाळी रूट भरलेली. नंतर डिस्क नीट माउंट झाली की ओतलेलं सगळं तिच्याखाली झाकलं जातं आणि जागा कुठे गेली ते सापडत नाही. फोल्डर रिकामा आणि अनमाउंट असताना त्याला चॅटर +आय लावून ठेवा, मग चुकून लिहिताच येणार नाही.

फ्लेक्सवाला_सांगली

माउंट आणि आरसिंकमध्ये दोन अँपरसँड आहेत, माउंट फसलं तर पुढे जात नाही. चॅटरचं मात्र आज दुकान बंद करताना करतो. काउंटरवर ऑटोमाउंट बंदच राहणार.

लॅबमधला

राहू द्या. पण सातारकरांनी सांगितलेलं यूडिस्क्ससीटीएल घ्या आणि पोरांचं सुडो काढा. एवढं केलंत तर माझा विरोध निम्म्यावर येईल.