चिकलठाण्याचे उड्डाणमार्ग कोण ठरवते: आपली मागणी की विमान कंपन्यांच्या आघाड्या?

धागालेखक (छत्रपती संभाजीनगर):

चिकलठाणा विमानतळावरून थेट परदेशी विमान सुटावे, ही मागणी आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत. ती सरकारकडे करून फारसे काही साधणार नाही, असे माझे ठाम मत आहे. भारताने आग्नेय आशियाई देशांच्या विमान कंपन्यांना ज्या 18 पर्यटनस्थळी फेऱ्यांच्या संख्येचे बंधन न घालता येण्याची मुभा दिली, त्यांत औरंगाबादचेही नाव आहे. म्हणजे त्या दिशेने परवानगीचा अडसर नव्हता. त्याच यादीतल्या गयेला थाई एअरवेजने बँकॉकहून हंगामी विमाने आणली, आणि अजिंठा-वेरूळ 1983 पासून जागतिक वारसा असूनही ती आपल्याकडे वळली नाहीत.

याचे एक मोठे कारण आघाड्यांच्या रचनेत आहे. 1997 साली स्थापन झालेल्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक आघाडीत एअर इंडिया 2014 मध्ये सामील झाली. आघाडीतील कंपन्या एकमेकींच्या विमानांना आपला क्रमांक लावून तिकिटे विकू शकतात (यालाच कोडशेअर म्हणतात), त्यामुळे परदेशी भागीदाराला आपल्या शहरापर्यंत स्वतःचे विमान आणण्याची गरजच उरत नाही. तो प्रवाशाला दिल्ली किंवा मुंबईला उतरवतो आणि पुढे भागीदाराच्या हवाली करतो. अशा व्यवस्थेत आपण थेट विमानाऐवजी योग्य वेळेची जोडणी मागितली पाहिजे. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यासाठी सकाळच्या विमानाने मुंबईला जाणाऱ्याला दिवसभर तिष्ठत बसावे लागते, तर रात्री आठच्या सुमारास पोहोचवणारे विमान त्याच प्रवाशाला थेट विमानाइतकेच उपयोगी ठरते.

प्रतिसाद (नांदेड):

आपला मुद्दा अभ्यासपूर्ण आहे, पण आघाड्यांना आपण नको तितके महत्त्व देत आहात. नांदेडला विमान कोणत्याही आघाडीमुळे आले नाही. 27 एप्रिल 2017 रोजी लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेतील पहिल्या मार्गांमध्ये नांदेड-हैदराबाद सुरू झाला तो तुटीची भरपाई आणि ठरावीक काळासाठी मार्गावरील एकाधिकार यांच्या बळावर. तो चालवणारी ट्रूजेट पुढे बंद पडली; स्टार अलायन्सचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. त्याच वर्षाअखेरीस नांदेड-अमृतसर विमान सुरू झाले तेही तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या भाविकांसाठी. सरकारने मनात आणले की मार्ग निघतो.

दुसरे असे की, देशातील सर्वांत मोठी कंपनी इंडिगो कोणत्याच आघाडीची सदस्य नाही. तरीही स्टार अलायन्समधील टर्किश, वनवर्ल्डमधील कतार एअरवेज आणि स्कायटीममधील केएलएम अशा तिन्ही गोटांतील कंपन्यांशी तिने कोडशेअर केले. सदस्यत्वाविना हे सर्व साधत असेल, तर मार्ग आघाड्या ठरवतात असे म्हणणे टिकत नाही. मार्ग ठरतो तो तिकीट काढणाऱ्यांच्या संख्येवर.

प्रतिसाद (लातूर):

लातूरला धावपट्टी आहे, नियमित विमानसेवा नाही; आम्ही परदेशी जायचे तर रस्त्याने हैदराबाद गाठतो. तेथे लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज, सिंगापूर एअरलाइन्स अशा वेगवेगळ्या आघाड्यांच्या कंपन्या एकाच गिऱ्हाइकासाठी झगडतात आणि भाडे उतरते. आघाड्यांमुळे मोठे विमानतळ अधिक मोठे होतात, हे मला मान्य आहे. परंतु आम्हाला सध्या मिळणारा लाभही त्याच मोठेपणातून येतो, तेव्हा या व्यवस्थेला दोष देताना आमचाही विचार व्हावा.

धागालेखक:

नांदेडच्या सदस्यांचे इंडिगोचे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते असे मला वाटते. कोडशेअर म्हणजे आघाडीचेच काम, फक्त दोन कंपन्यांपुरते. प्रवाशाला फरक पडतो तो एका तिकिटाचा: दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असले, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि वेगवेगळी तिकिटे काढली तर संपूर्ण भुर्दंड प्रवाशाच्या माथी बसतो. मुंबईत तर पहिल्या टर्मिनलवर उतरून सामानासह रस्त्याने दुसऱ्या टर्मिनलवर जाण्याची वेळही येते.

आणि मागणीच्या संख्येविषयी म्हणाल, तर शेंद्रा-बिडकीनच्या कारखान्यांतील जो अभियंता जोडणी गैरसोयीची म्हणून मोटारीने पुणे किंवा मुंबई गाठतो, त्याची नोंद चिकलठाण्याच्या आकड्यांत होतच नाही. त्या आकड्यांवरून मागणी कमी आहे असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही.

प्रतिसाद (नांदेड):

अभियंत्याचा मुद्दा वजनदार आहे. मग उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांच्या वर्षभराच्या परदेशवाऱ्या, त्यांची ठिकाणे आणि वेळा एकत्र करून त्या कंपन्यांपुढे ठेवाव्यात. तरीही भरपाईच्या हमीशिवाय कोणती कंपनी रात्रीचे विमान येथे आणेल, हे मला पटवून द्या.

धागालेखक:

भरपाई मीही नाकारत नाही; ती देताना कोडशेअर आणि सुटण्याची वेळ या दोन अटी करारात घातल्या जाव्यात, एवढाच माझा आग्रह आहे. जोडणीचा विचार न करता सुरू केलेल्या मार्गाला स्थानिक प्रवाशांवरच गुजराण करावी लागते, आणि अनुदानाची मुदत संपल्यावर तो चालवण्याचे कारण कंपनीपाशी उरत नाही.