रंगवलेल्या बर्लचा (झाडाच्या गाठीच्या लाकडाचा) मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेला फोटो: चमक मारते, आतली जान दिसत नाही

गाठीचं_लाकूड (सोलापूर):
नमस्कार मंडळी, मी सुऱ्यांच्या मुठी बनवतो. सध्या बाभळीच्या गाठीचा तुकडा निळा रंगवून स्टॅबिलाइज केलाय, म्हणजे आधी ओव्हनमध्ये कडक वाळवला, मग रंगीत रेझिनमध्ये बुडवून व्हॅक्यूमने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, रात्रभर मुरू दिला आणि ९५ डिग्रीला पक्का केला. घट्ट भागात रंग शिरलाच नाही, तो सोनेरी राहिलाय आणि हातात फिरवला की उजेड आतून सरकतो, इतकं देखणं आहे ओ. पण फोटोत नुसता पांढरा चट्टा, निळा रंग प्लास्टिकसारखा आणि सगळंच जरा मऊ. १:१ (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराची), भिंगाचं छिद्र एफ/१६, कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश. शेजारी पॉवरलूम आहे, टेबल थरथरतं. सांगा की काहीतरी.

भिंगवाला:
दादा, एफ/१६ सोडा आधी. १:१ ला भिंगाचं छिद्र प्रत्यक्षात दुप्पट आकड्यासारखं वागतं, म्हणजे तुम्ही एफ/३२ वर काढताय, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, मऊ होणारच. एफ/५.६ वर या, फोकस जेमतेम अर्धा मिलिमीटर मिळेल, म्हणून ०.३ मिमी सरकवत फोटो काढा आणि स्टॅक करा, म्हणजे सगळ्यांतले स्पष्ट भाग जोडून एक फोटो करा. सपाट तुकडा असेल तर त्यावर छोटा आरसा ठेवून बघा, लेन्स स्वतःच्या प्रतिबिंबाच्या बरोबर मधोमध दिसली की कॅमेरा समांतर, मग दोन-तीन फोटोंत काम होतं.

उजेडातली_मी:
चट्टा फ्लॅश समोरून येतो म्हणून पडतो. फ्लॅश काढून बाजूला खाली धरा, मध्ये ट्रेसिंग पेपर, लाकडाच्या जितका जवळ तितकं बरं. पोलरायझर फिल्म (चमक कापणारी) फ्लॅशवर आणि सीपीएल, म्हणजे फिरवता येणारा पोलरायझर फिल्टर, लेन्सवर लावला तर चमक पूर्ण जाते, पण इथंच लोक चुकतात, पूर्ण मारली की तो आतून सरकणारा उजेडही मरतो आणि लाकूड रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखं दिसतं. सीपीएल थोडा मागे फिरवा, जराशी चमक राहू द्या. आणि हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लाल-हिरवा-निळा असा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, निळा चॅनल आधी फुटतो, म्हणजे मर्यादेपलीकडे जाऊन त्यातले बारकावे जातात, एकत्र आलेखात ते कळतच नाही, तुमचा प्लास्टिकपणा त्यातूनच येत असणार.

भिंगवाला:
थरथरीचं राहिलं. खोलीत अंधार करून फक्त फ्लॅशवर काढा, पॉवर १/१६ ठेवली की फ्लॅश इतका क्षणभर पेटतो की थरथर गोठते. स्टॅकला मात्र दोन फोटोंमध्ये तुकडा सरकायला नको, तेव्हा माग बंद असतील ती वेळ गाठा.

गाठीचं_लाकूड (सोलापूर):
ताई, सीपीएल मागे फिरवून बघितलं, डोळ्याभोवतीच्या रेषा दिसायला लागल्या! गाठीतला प्रत्येक डोळा म्हणजे न फुटलेली कळी, ती आज पहिल्यांदा फोटोत आली. चट्टा गेला, निळा अजून जरा जास्त आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात, तेव्हा स्टॅक करून टाकतो इथं.