मदत हवी आहे: आमच्याच फडात ऊसतोड करणाऱ्या मुलीला शाळेत कसं घालू?

नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यात राहतो. आमच्या उसाला परवा तोड आली. टोळी बीडकडची आहे. त्यात अकरा वर्षांची एक मुलगी आहे. आई-बाप कोयता चालवतात, ही मागून वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधते आणि तीन-साडेतीन वर्षांच्या भावाला सांभाळते. पाचटानं, उसाच्या वाळल्या पाल्यानं, तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेत. पहाटे ट्रॅक्टर भरताना भाऊ पाचटावर झोपलेला असतो, आणि ही चाकाच्या बाजूला बसून राहते. तो चाकाखाली जाऊ नये म्हणून.

गावी पाचवीत होती म्हणाली. खेपांचा हिशोब बापाला तीच सांगते. "शाळेत येतेस का?" विचारलं, तर म्हणाली, "मावशी, मी गेल्यावर ह्याला कोन बघल?"

ऊस आमचा आहे, त्यामुळे मला गप्प बसवत नाही. पण तक्रार केली तर टोळी आणणारा मुकादम आई-बापावरच राग काढेल. त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली आहे, ती फिटेपर्यंत त्यांना हलता येत नाही. शाळेत चौकशी केली तर आधीच्या शाळेचा दाखला आणा म्हणाले. त्यांना त्रास न होता सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
ताई, आधी भावाची सोय करा. तीन वर्षं पूर्ण झालेलं मूल अंगणवाडीत बसतं, आहारही मिळतो. तो तिथे गेला की मुलगी मोकळी झाली. दाखल्यासाठी अडून राहू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं, तिच्याकडे आहे का विचारा. नसलं तरी वयानुसार वर्गात बसवावंच लागतं. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या.

प्रतिसाद २
चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे. घरच्यांना मदत करायची सूट आहे, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. मुकादम मुलीला अडवू लागला किंवा मारहाण झाली, तर १०९८ ला फोन करा, तो चोवीस तास चालू असतो. आणि पुढच्या हंगामाचं आत्ताच बोलून ठेवा. गावाकडे आजी असेल तर मुलं तिच्याजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहातून जेवणाची सोय होते. मी बीडचाच. आमच्या वर्गातल्या दोन मुली फडावरून परत आल्या त्या थेट लग्न ठरूनच. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, जोडीशिवाय धरत नाहीत ना. तेव्हा सातवी-आठवीपर्यंत थांबू नका.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. कार्ड नाही, पण आजी आहे. अंगणवाडीच्या ताईंशी बोलले, उद्या सकाळी दोघांना घेऊन या म्हणाल्या. अंगणवाडी दुपारी सुटते, तिथून शाळा सुटेपर्यंत पोराला मी घरी ठेवीन. तिच्या आईला हे सांगायला आत्ता त्यांच्या कोपीवर, झोपडीवर, निघालेय. शाळेने परत कागद मागितले तर इथेच विचारते.