ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींविषयीचा डेटा: समितीला खरा निर्णयाधिकार कसा द्यावा?

प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य सरकारच्या एका संस्थेत मी आरोग्यविषयक माहितीचे काम पाहते. मूलनिवासी समाजांशी भागीदारी आणि त्यांच्याविषयीच्या डेटाचा कारभार सुधारणे, ही जबाबदारी अलीकडेच माझ्याकडे आली आहे. मे २०२४ मध्ये सरकारने यासाठी आराखडाही जाहीर केला आहे. आमच्याकडे मूलनिवासी सदस्यांची सल्लागार समिती आहे. मात्र अहवालाचा मसुदा जवळजवळ तयार झाल्यावरच तो तिच्यापुढे येतो आणि सदस्यांच्या सूचना शब्दांच्या दुरुस्तीपुरत्या उरतात. डेटाची कायदेशीर जबाबदारी संस्थेकडेच राहणार असताना निर्णयात खरा वाटा कसा द्यावा?

उत्तर १

जबाबदारी संस्थेची आहे, म्हणून प्रत्येक निर्णय तिने एकटीनेच घ्यायला हवा असे नाही. समितीला काय थांबवता येते, हे आधी लेखी ठरवा. कोणते प्रश्न विचारायचे, कोणाशी तुलना करायची, दोन नोंदसंच (वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेल्या नोंदी) एकमेकांशी जोडू द्यायचे की नाही, या टप्प्यांवर तिची संमती आवश्यक करा. मूलनिवासी आणि इतर ऑस्ट्रेलियन यांच्यातील दरी मिटवण्यासाठी झालेल्या जुलै २०२० च्या राष्ट्रीय करारातील चार प्रमुख सुधारणांपैकी पहिली सहनिर्णयाची आणि चौथी डेटा उपलब्ध करून देण्याची आहे. तरीही उत्पादकता आयोगाने (संघराज्य सरकारची स्वतंत्र सल्लागार संस्था) या कराराच्या फेब्रुवारी २०२४ च्या आढाव्यात, अपेक्षित बदल किती मोठा आहे हे बहुतेक सरकारांच्या लक्षातच आलेले नाही, असा निष्कर्ष काढला.

उत्तर २

स्थानिक पातळीवर डेटा परत देणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. समजा, एखाद्या दुर्गम वस्तीतील आरोग्यसेवेने मुलांच्या कानांच्या संसर्गाचे आकडे मागितले. ही सेवा समाजाच्याच नियंत्रणाखाली चालते आणि याच मुलांवर रोज उपचार करते. पण पाचपेक्षा लहान संख्या गोपनीयतेसाठी झाकण्याचा नियम लागू होतो आणि तिच्या हाती निम्मे रकाने रिकामे असलेला तक्ता पडतो. गोपनीयता महत्त्वाची आहेच. परंतु प्रसिद्धीसाठीचा नियम आणि समाजाच्या स्वतःच्या नियोजनासाठीचा नियम एकच असण्याचे कारण नाही. सुरक्षित हाताळणीच्या अटी घालून, नैतिक मान्यता घेऊन, तपशीलवार तक्ता देण्याचा स्वतंत्र करार करता येतो. हा तक्ता समजून घेणाऱ्या स्थानिक माणसांच्या प्रशिक्षणाचा खर्चही त्याच करारात धरा.

उत्तर ३

पहिल्या उत्तराशी सहमत आहे, पण त्यात एक भर घालतो. नकाराचा अधिकार कागदावर असला, तरी शंभर पानांचा मसुदा वाचायला तीन दिवस आणि मानधन शून्य, अशी स्थिती असेल तर तो अधिकार वापरता येत नाही. शिवाय अविश्वासाला मोठा इतिहास आहे: लोकसंख्या मोजताना मूलनिवासींना वगळावे, असे सांगणारे राज्यघटनेचे १२७ वे कलम १९६७ च्या सार्वमतानंतरच रद्द झाले. पुढे गणना झाली, पण बहुतेक तक्त्यांत हे लोक केवळ उणिवा मोजण्यापुरतेच दिसत राहिले. ‘मायाम नायरी विंगारा’ या मूलनिवासी डेटा गटाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये मांडलेली तत्त्वे म्हणूनच डेटाच्या निर्मितीपासूनच्या नियंत्रणाचा आग्रह धरतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोंदसंच जोडण्याचा एक अर्ज सध्या आमच्याकडे प्रलंबित आहे. तो मंजुरीसाठी पुढे पाठवण्याआधी समितीपुढे ठेवावा आणि तिचा नकार संस्थेवर बंधनकारक राहील असे इतिवृत्तात नोंदवावे, असा प्रस्ताव मी वरिष्ठांना देत आहे. वाचनाचा अवधी आणि मानधन यांचाही उल्लेख त्यात करीन.